बीप नेमका कोणासाठी वाजतो?

यंत्रांच्या इशाऱ्याच्या आवाजांबद्दल मला एक प्रश्न आला, त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मागे येणारा ट्रक, लष्करी गाडी आणि विमानाचं कॉकपिट, सगळीकडे तेच 'टीं टीं' का? तंत्रज्ञान इतकं पुढे गेलं तरी यंत्रं सरळ शब्दांत का बोलत नाहीत? आणि हे आवाज ठरवतं तरी कोण?

विमानांच्या इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्स (म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या) देखभालीत माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यातली सहा चिलखती गाड्यांच्या इंटरकॉमवर. म्हणजे हे आवाज मी नुसते ऐकलेले नाहीत, त्यांच्या वायरी सोल्डर केल्या आहेत, आणि रात्री दोन वाजता 'हा नेमका कुठून वाजतोय' म्हणून पॅनेल उघडून बसलेही आहे. माझं उत्तर एका वाक्यात असं: आवाज चांगला की वाईट, हे तो कोणाच्या कानासाठी आहे आणि त्या माणसाची त्या क्षणी काय अवस्था आहे, यावर ठरतं. पुष्कळसे बीप हा प्रश्न न विचारताच बसवलेले असतात.

आधी आवाजच का, ते बघू. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. दिवा लावला तर माणसाने तिकडे बघायला हवं. आवाजाला ही अट नाही. पाठ फिरलेली असो, डोकं पॅनेलमध्ये खुपसलेलं असो, झोप लागलेली असो, कान चारी दिशांनी उघडाच. म्हणून धोक्याची पहिली वर्दी कानाला द्यायची आणि तपशील डोळ्याला, अशी ही जुनी वाटणी आहे. प्रवासी विमानांच्या नियमांत तर आता असं स्पष्टच आहे की तातडीच्या इशाऱ्याने किमान दोन वेगवेगळ्या इंद्रियांना हाक मारायला हवी. त्यासाठी लाल दिवा आणि घंटी अशी जोडी असते. पंखांची हवेवरची पकड सुटू लागली, म्हणजे विमान स्टॉलच्या जवळ आलं, की बोइंग ७३७ चा कंट्रोल कॉलमच, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडाच, थडथड हलू लागतो. त्याला एक मोटर आणि तिच्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेलं वजन लावलेलं असतं. हँगरमध्ये तपासणीला ती चालू केली की सगळं कॉकपिट खडखडतं. शिकाऊ मुलं हमखास दचकतात, आणि दचकावं हाच तर तिचा उद्देश.

आता 'सगळीकडे तेच टीं टीं का' याचं उत्तर. ते जरा लाजिरवाणं आहे: स्वस्त पडतं म्हणून. तुमच्या उपकरणात वाजणारा बझर म्हणजे बहुतेक वेळा पितळेची एक पातळ चकती आणि तिच्यावर चिकटवलेला पिझो सिरॅमिकचा थर. व्होल्टेज दिलं की सिरॅमिक आक्रसतं, काढलं की पसरतं, चकती वाकते आणि हवा ढकलली जाते. अशा चकतीची स्वतःची एक आवडती कंपनसंख्या असते, साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये. तिथे ती अगदी थोड्या विजेवर ठणठणीत वाजते. योगायोग असा की माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तीही ३००० हर्ट्झच्या आसपासच घुमते. म्हणजे वाजवणाऱ्याला स्वस्त आणि ऐकणाऱ्याला तिखट, असा दोघांचा एकच पट्टा. मग सगळे कारखाने त्याच पट्ट्यात येऊन बसले. मायक्रोवेव्ह, रुग्णाच्या खाटेशेजारचा पंप, गाडीचा सीटबेल्ट, सगळे एकाच गळ्याने रडतात.

यात एक खोच आहे. सतत गोंगाटात काम करणाऱ्याचे कान सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात. श्रवणतपासणीच्या आलेखात तिथे खड्डा पडलेला दिसतो. वयानेही कान वरच्या टोकाकडूनच उतरत जातात. म्हणजे रणगाड्याचा चालक, तोफची, धावपट्टीवर तीस वर्षं काढलेला मेकॅनिक, ज्यांना इशारा ऐकू यायलाच हवा, त्यांनाच हा बारीक टिंटिणाट सगळ्यात कमी ऐकू येतो. माझ्या डाव्या कानात असा खड्डा आहे. घरच्या धुण्याच्या यंत्राचा बीप मला शेजारच्या खोलीतून येत नाही, मुलांना येतो.

रिव्हर्सचा भोंगा मात्र वेगळ्या घराण्यातला. तो १९६३ साली जपानमध्ये मात्सुसाबुरो यामागुची यांच्या कंपनीने बाजारात आणला. त्याचा सूर बहुधा १००० ते १२५० हर्ट्झचा असतो. माझी तक्रार त्याच्या मोठेपणाबद्दल नाही, तो कुठून येतोय हे कळत नाही याबद्दल आहे. आवाजाची दिशा आपण दोन युक्त्यांनी ओळखतो. खालच्या सुरांत दोन कानांपर्यंत आवाज पोहोचायला लागणारा वेळ मेंदू ताडून बघतो, आणि हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. वरच्या सुरांत डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज बारीक येतो. १००० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, डोकं त्याच्या निम्मं. तिथे पहिली युक्ती अडखळू लागते आणि दुसरी अजून नीट सुरू झालेली नसते. नेमक्या या मधल्या फटीत एकच शुद्ध सूर वाजवायचा, तोही भिंतींवर आपटून येणारा! चार ट्रक उभे असलेल्या आवारात एक मागे येऊ लागला की माणसं मान चारी बाजूंना फिरवतात, ती यामुळेच.

त्यावर उपाय निघाला आहे. एका सुराऐवजी अनेक कंपनसंख्यांचा मिळून 'खर्र… खर्र…' असा आवाज काढायचा. त्यात दोन्ही युक्त्यांना पुरेल इतका मालमसाला असतो. दिशा चटकन कळते, आणि दूर गेल्यावर तो लवकर विरतो, म्हणून शेजाऱ्यांची झोपही वाचते. निवड माझ्या हातात असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन. नव्या विजेच्या मोटारींना कमी वेगात जो कृत्रिम आवाज सक्तीचा झाला, तोही असाच अनेक सुरांचा असतो. गाडी शांत झाली तेव्हा पहिला धोका आंधळ्या पादचाऱ्याला होता.

लष्करी गाडीत याच भोंग्याचा प्रश्न उलटा होतो. मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसाला तो ऐकू यायला हवा, पण रात्री हालचाल करताना समोरच्या टेकडीवर बसलेल्याला येता कामा नये. आवाज काही ओळखपत्र बघत नाही. म्हणून दिवे विझवणाऱ्या ब्लॅकआउटच्या कळीतच भोंग्याचाही गळा आवळावा लागतो. आणि मग रोजच्या आवारात कोणीतरी ती कळ तशीच विसरतं. मी गाडी हातात घेतली की पहिली तीच बघते.

आतली गोष्ट आणखी अवघड. साखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या चिलखती गाडीच्या पोटात आवाज १०० डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. इंजिन, गिअर, पंखा, आणि दातेरी चाकावर आपटणारा पट्टा. हिशोब करून बघा: गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि पट्ट्याची एक कडी १५ सेंटिमीटरची आहे, तर सेकंदाला ७४ ठोके पडतात. तो झाला मूळ सूर, त्याच्या दुपटी-तिपटी वर चढत जातात. अशा घोंगावण्यात एखादा बझर बसवणं म्हणजे नगाऱ्यांत टिमकी वाजवणं.

एकदा आमच्याकडे एक गाडी आली. तक्रार अशी की इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा इशारा 'कधी वाजतो, कधी वाजत नाही'. आम्ही शेडमध्ये तपासला: खणखणीत. वायरिंग तपासलं, सेन्सर बदलला, दोन दिवस घालवले, पुन्हा तीच तक्रार. शेवटी मी स्वतः आत बसून फेरी मारली आणि सेन्सरची वायर हाताने टेकवली. एका ठराविक वेगाला बझर अक्षरशः पुसला गेला. थंड करणाऱ्या पंख्याची शीळ बरोबर त्याच सुरावर येत होती. बझर वाजत होता, पण ऐकू येणारी जागाच पंख्याने व्यापली होती. याला मास्किंग म्हणतात: जवळच्या कंपनसंख्येचा मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो, दूरच्या कंपनसंख्येला तितका हात लावत नाही. शेडमध्ये इंजिन बंद ठेवून इशारा तपासू नये, हा धडा त्या दोन दिवसांचा. पुढे तो इशारा इंटरकॉममधून थेट हेडसेटमध्ये दिला, आणि एका सुराऐवजी चार-पाच सुरांचा केला. एक गिळला गेला तरी बाकीचे उरतात.

हे काही माझं डोकं नव्हे. केंब्रिजमध्ये रॉय पॅटरसन यांनी १९८२ साली ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी कॉकपिटमधल्या आवाजी इशाऱ्यांवर मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, तिथून पुढे या विद्येला शिस्त आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी कॉकपिटचा गोंगाट प्रत्येक कंपनसंख्येला मोजा. त्या गोंगाटात आवाज जेमतेम ऐकू येईल ती पातळी काढा. इशारा तिच्यापेक्षा १५ डेसिबल वर ठेवा म्हणजे तो चुकणार नाही, पण २५ च्या फार पुढे नेऊ नका. तोवरची रीत होती, 'मोठा वाजवा, म्हणजे ऐकू येईलच'. त्याचा परिणाम असा व्हायचा की संकट ओढवलं की वैमानिकाचं पहिलं काम बिघाड बघणं नसून तो कर्कश आवाज बंद करणं असायचं, कारण त्या आवाजात शेजारच्याशी बोलताही येत नसे. आवाज एकदम पूर्ण ताकदीने सुरू करू नका, सेकंदाच्या काही शतांश भागात चढवत न्या म्हणजे माणूस गडबडून जाणार नाही, हेही त्यांचंच. पुढे ज्युडी एडवर्दी यांनी दाखवलं की ठोके जलद केले, सूर चढवला, तर ऐकणाऱ्याला तातडी जास्त वाटते, आणि ही तातडी मोजूनमापून ठेवता येते. थोडक्यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चांगल्या ठिकाणी आवाज मानसशास्त्रज्ञ आणि ध्वनितज्ज्ञ ठरवतात. वाईट ठिकाणी खरेदी विभाग ठरवतो.

एअरबस ए३२० मध्ये डोळे मिटून बसा. सतत घणघणणारी घंटी म्हणजे लाल इशारा, आत्ता काहीतरी करा. एकच 'टिंग' म्हणजे पिवळा, बघा पण घाबरू नका. घोडदळाच्या चढाईच्या तुतारीसारखा आवाज म्हणजे ऑटोपायलट सुटला, विमान तुमच्या हातात आहे. रातकिड्यासारखी किरकिर आणि 'स्टॉल' असा शब्द, याचा अर्थ सांगायला नको. ठरलेल्या उंचीजवळ आलात किंवा ती सोडून भरकटलात की तीन सुरांचा मिळून एक स्वर. या प्रत्येकाचा गळा निराळा आहे, मायक्रोवेव्हसारखा एक नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बिघडल्या तर कोणी आधी बोलायचं याची रांगही ठरलेली असते. स्टॉलचा आवाज जमिनीच्या इशाऱ्याच्या पुढे, आणि तो शेजारच्या विमानाच्या इशाऱ्याच्या पुढे. मला सगळ्यात आवडतो तो मात्र न वाजणारा भाग. उड्डाणासाठी धावताना ८० नॉटचा वेग ओलांडला की १५०० फुटांपर्यंत बहुतेक इशारे मुद्दाम दाबून ठेवलेले असतात. त्या काही सेकंदांत एखाद्या पंपाची तक्रार ऐकून वैमानिकाने ब्रेक मारणं हे त्या बिघाडापेक्षा घातक. कुठे गप्प बसावं हे कळणारं यंत्र मला बोलक्या यंत्रापेक्षा शहाणं वाटतं.

एकाच आवाजाला दोन अर्थ दिले की काय होतं, त्याचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. १४ ऑगस्ट २००५, हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७, सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे. आदल्या रात्री जमिनीवर केबिनच्या दाबाची तपासणी झाली होती आणि दाबाच्या नियंत्रणाची कळ 'मॅन्युअल'वर राहिली होती. उड्डाणाआधीच्या तपासणीत ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. विमान चढू लागलं, आत दाब तयार होईना, आणि १२,००० फुटांच्या आसपास तुटक हॉर्न वाजू लागला. त्या ७३७ मध्ये हाच तुटक हॉर्न दोन गोष्टींसाठी होता: जमिनीवर वाजला तर 'उड्डाणाची मांडणी चुकली आहे', हवेत वाजला तर 'केबिनमध्ये प्राणवायू कमी होतोय'. वैमानिकांनी पहिला अर्थ धरला. तो अर्थ हवेत शक्यच नाही, हे खुर्चीत बसून आपल्याला कळतं. पण ज्याने तो हॉर्न आयुष्यभर फक्त जमिनीवरच ऐकला आहे, त्याच्या हाताला तोच अर्थ आधी सुचणार. आणि ज्या मेंदूने हे कोडं सोडवायचं, त्याच मेंदूचा प्राणवायू दर मिनिटाला घटत होता. आवाज ज्याच्यासाठी होता त्याची अवस्था काय, हा प्रश्न तो हॉर्न बसवताना कोणी विचारला नव्हता. १२१ माणसं गेली. त्यानंतर ७३७ मध्ये त्या हॉर्नसोबत कोणता इशारा आहे ते सांगणारे वेगळे दिवे आले. आवाज तोच ठेवून शेजारी पाटी लावली म्हणा ना.

ती कळ आमच्यासारख्याच कोणा देखभालवाल्याच्या हातची होती, म्हणून हे प्रकरण मी नव्या मुलांना दरवर्षी सांगते. 'तपासणी संपली' म्हणजे कळ जिथे सापडली तिथे परत गेली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी फसवणूक शांततेची. १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटला नॉर्थवेस्टचं २५५ क्रमांकाचं उड्डाण आणि २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदला स्पॅनएअरचं ५०२२, दोन्ही एमडी-८२. दोन्ही वेळा फ्लॅप, म्हणजे उड्डाणाला जादा उचल देणारे पंखांचे सरकते भाग, न उघडताच विमान धावलं, आणि दोन्ही वेळा ते ओरडून सांगणारी यंत्रणा मुकी होती. डेट्रॉइटच्या विमानात तिला वीजच मिळत नव्हती. त्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली: एका इंजिनावर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, ही यंत्रणा उगाचच बोंबलायची, म्हणून तिचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवायची सवय काही वैमानिकांना लागली होती. त्या दिवशी नेमकं तसंच झालं होतं की नाही, याचा निकाल चौकशीला देता आला नाही. पण ती सवय मला अजिबात नवलाची वाटत नाही. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण त्या पोराला दोष देतो. इथे गावकऱ्यांनी पोराच्या तोंडात बोळा कोंबला. कान किटले की माणूस हेच करतो. खोटा इशारा देणारा बझर ही किरकोळ तक्रार नसते. मी तिला इंधनगळतीच्या रांगेत बसवते, कारण आज ना उद्या कोणीतरी त्याच्यावर चिकटपट्टी लावणार आहे. चिकटपट्टी लावलेले बझर मी किती तरी सोलले आहेत. एकात तर कागदाचा बोळा, वर पट्टी, आणि वर पुन्हा रंग होता!

आणि तिसरी, सगळ्यात क्रूर. १ जून २००९, एअर फ्रान्स ४४७, अटलांटिकवर. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमला, ऑटोपायलट सुटला, विमानाचं नाक वर गेलं आणि स्टॉलचा इशारा ५४ सेकंद सलग वाजत राहिला. पुढे मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला. इतक्या कमी वेगाला, विमान हवेला किती कोनात भिडतंय ते मोजणाऱ्या कोनमापकाचा आकडा भरवशाचा नाही असं संगणकाला शिकवलेलं होतं, म्हणून त्याने तो टाकून दिला आणि इशारा थांबला. मग वैमानिकाने नाक खाली घातलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढायचा, आकडा पुन्हा ग्राह्य धरला जायचा आणि इशारा पुन्हा सुरू. चुकीचं केलं की शांतता, बरोबर केलं की ओरड. ज्याने ती ६० नॉटची अट लिहिली त्याचं कारण तर्काला धरूनच होतं. त्याने एवढंच गृहीत धरलं नाही की ऐकणारा माणूस शांततेलाही उत्तर समजतो.

आता 'सरळ बोलत का नाहीत'. बोलतात की. अमेरिकेच्या बी-५८ बॉम्बफेकी विमानात जोन एल्म्स या स्त्रीच्या आवाजात मुद्रित इशारे बसवले होते. रेडिओवर सगळे पुरुषच बोलायचे, त्यांत स्त्रीचा आवाज वेगळा उठून येईल, हा हिशोब. डॉन बेटमन यांच्या जमीन-जवळ-येते-आहे सांगणाऱ्या यंत्रणेचं 'पुल अप' (नाक वर ओढा) तर जगभरच्या वैमानिकांच्या हाडीमांसी भिनलं आहे. ते इतकं चाललं याचं कारण म्हणजे ते बिघाडाचं वर्णन करत बसत नाही, काय करायचं ते सांगतं. पण शब्दांची किंमत मोजावी लागते. वाक्य पुरं व्हायला दोन-तीन सेकंद जातात, आणि माणूस एका वेळी एकाच बोलणाऱ्याकडे लक्ष देऊ शकतो. नियंत्रण कक्ष बोलतोय, शेजारचा बोलतोय, त्यात यंत्रही बोलू लागलं तर तिघांचंही पाणी पालथ्या घड्यावर. चिलखती गाडीत गोळीबार चालू असताना कमांडरचा शब्द कापून 'कृपया इंधन तपासा' म्हणणाऱ्या यंत्राचं जवान काय करतील ते मी इथे लिहीत नाही. म्हणून शब्द फक्त अशा मोजक्या इशाऱ्यांना, जिथे उशीर चालतच नाही आणि कृती एकच असते.

माझे सगळ्यात लाडके आवाज मात्र कोणी घडवलेलेच नाहीत. साइडवाइंडर क्षेपणास्त्राची गुरगुर घ्या. त्याच्या नाकातला डोळा उष्णता बघतो आणि त्याच्यासमोर फिरणारी जाळीदार चकती तो उजेड तुकड्या-तुकड्यांत कापते. त्या तुकड्यांचा विद्युत संकेत तसाच मोठा करून वैमानिकाच्या कानात सोडलेला असतो. लक्ष्य नीट दिसलं की गुरगुर चढते. कोणी संगीतकार नेमला नाही. वैमानिक क्षेपणास्त्राच्या डोळ्यानेच ऐकतो. व्हिएतनाम युद्धात विमानांवर बसवलेले रडार ओळखणारे पहिले संच असेच होते. शत्रूच्या रडारचे स्पंद सरळ हेडसेटमध्ये. फिरता किरण अंगावरून गेला की एकदा 'चिर्र', आणि क्षेपणास्त्राचं रडार रोखून बसलं की खुळखुळ्या सापासारखी सलग खुळखुळ. तो फरक कळायला पुस्तक लागत नसे. त्याच्याही आधी रेडिओच्या वाटेवर विमानं नेत, तेव्हा वाटेच्या एका बाजूला मोर्सचं 'ए' ऐकू येई आणि दुसऱ्या बाजूला 'एन', म्हणजे टिंब-रेघ आणि रेघ-टिंब. बरोबर मधोमध आलात की एकाच्या फटीत दुसरं बसून अखंड सूर लागे. सूर फाटला तर तुम्ही वाटेवरून ढळलात, आणि कोणत्या बाजूला तेही त्याच फाटण्यात.

छोट्या सेसना १७२ मध्ये तर वीजही नाही. पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक, त्यातून नळी, नळीच्या टोकाला बाजाच्या पेटीत असते तशी एक पत्ती. विमान स्टॉलकडे झुकू लागलं की पंखाच्या कडेवरचा हवेचा दाब उतरतो, भोकातून हवा शोषली जाते आणि पत्ती कण्हू लागते; जितकं जवळ तितका सूर चढा. तपासायची रीत म्हणजे भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. बीपला फक्त 'हो' आणि 'नाही' येतं. या पत्तीला 'किती' तेही सांगता येतं. जिथे जमेल तिथे मी असाच आवाज मागते.

प्रवासी जे आवाज ऐकून घाबरतात त्यांबद्दल दोन ओळी. ए३२० मध्ये जमिनीवर असताना फरशीखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज येतो, तो पीटीयूचा, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिटचा. हिरव्या आणि पिवळ्या हायड्रॉलिक यंत्रणांच्या दाबात ५०० पीएसआयचा फरक पडला की हा पंप एकाच्या जोरावर दुसरीला रेटतो, आणि एकच इंजिन चालू असताना ते घडणारच. केबिनमधले 'टिंग-टाँग' हे बहुधा सेवकवर्गाचे आपापसातले फोन.

जमिनीवर विमानाचं कॉकपिट रिकामं असतं, मग तिथे कोणासाठी वाजवणार? म्हणून एक हॉर्न बाहेर, नाकाच्या चाकाजवळ असतो, आम्हा खालच्या लोकांसाठी. कोणी दिशादर्शक यंत्रं चालू ठेवून निघून गेलं आणि ती बॅटरी पिऊ लागली, किंवा उपकरणांना थंड करणारी हवा थांबली, की तो भोकाडच पसरतो. शिकाऊ असताना पहिल्यांदा तो माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर वाजला तेव्हा मी चाकाखालचा लाकडी ठोकळा हातातून टाकून पळाले होते. आमचे फोरमन शांतपणे जिना चढले आणि एक कळ बंद करून खाली आले. तो हॉर्न मला आजही आदर्श वाटतो, कारण घरात कोणी नाही हे त्याला माहीत असतं.

राहिला एक बीप, जो माणसाला ऐकूच येत नाही. विमानाच्या रेकॉर्डरला, म्हणजे ब्लॅक बॉक्सला, हाताच्या पंजाएवढी एक नळकांडी जोडलेली असते. ती पाण्यात बुडाली की साधारण दर सेकंदाला एकदा ३७.५ किलोहर्ट्झवर स्पंद सोडते. आपले कान २० किलोहर्ट्झच्या पुढे बहिरे, म्हणजे हा आवाज फक्त शोधनौकेच्या हायड्रोफोनसाठी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनसाठी, आणि तो वाजतो तेव्हा विमानात ऐकणारं बहुधा कोणी उरलेलं नसतं. पूर्वी तिची बॅटरी ३० दिवस पुरावी असा नियम होता. एअर फ्रान्स ४४७ चे रेकॉर्डर सुमारे ३९०० मीटर खोलीवरून मे २०११ मध्ये वर आले, तोवर त्यांची हाक केव्हाच संपली होती. पुढे ती मर्यादा ९० दिवसांवर नेली.

तपासणीच्या वेळी आम्ही तिचे दोन धातूचे बिंदू तारेने जोडतो, म्हणजे तिला वाटतं पाण्यात पडलो, आणि शेजारी धरलेला संच तो सूर उतरवून माणसाच्या कानाजोगता करतो: टक्… टक्… टक्. बॅटरीची मुदत वहीत लिहायची, तार काढायची, आणि मग त्या बिंदूंच्या मधली जागा कोरड्या फडक्याने नीट पुसायची. तिथे ओल किंवा मळ राहिला तर ती विमानात बसून, कोणालाच ऐकू न येता, तशीच वाजत राहते आणि बॅटरी संपवते.